उष्टा दोरा

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी अण्णांच्या शर्टाचं बटण तुटलं. आई खिडकीशी बसून सुईत दोरा ओवायला बघत होती. मोतीबिंदू काढून दोन वर्षं झाली, पण तिला सुईचं नेढं अजून नीट दिसत नाही. दोरा नेढ्याच्या बाजूने जायचा, ती पुन्हा टोक कातरायची, पुन्हा डोळे बारीक करायची. मी "आण इकडे" म्हणणार तेवढ्यात शेजारी बसलेल्या अण्णांनी हात पुढे केला आणि सुई घेतली. आधी त्यांनी ती आडवी धरून ओठांशी नेली आणि एक छोटा, झटक्याचा श्वास आत ओढला. पोकळीतून काही खेचावं तसा. काहीच आलं नाही, तेव्हा क्षणभर सुईकडे पाहिलं, मग दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करून पहिल्या फटक्यात नेढ्यातून पार केलं. सुई आईच्या हातात दिली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. माझी दहा वर्षांची लेक समोर बसून हे सगळं बघत होती. नाक मुरडून म्हणाली, "ई, आजोबांनी उष्टं केलं!"

आई हसली, मीही हसले. अण्णांना ऐकू आलं नाही. पण घरी परतताना करी रोडच्या जिन्यावर, पुढे गाडीत, आणि रात्री कुकरची शिट्टी मोजतानासुद्धा तो शब्द माझ्या मागे होता. उष्टं.

अण्णांना आता माझं नाव आठवत नाही. कधी ताई म्हणतात, कधी त्यांच्या गावाकडच्या बहिणीच्या नावाने हाक मारतात. चाळ पाडून तिच्या जागी टॉवर उभा राहिला, त्याच्या बाविसाव्या मजल्यावर हे दोघं राहायला आले त्याला दीड वर्ष झालं. तरी रात्री जाग आली की अण्णा दार उघडून पॅसेजमध्ये जातात आणि सामाईक संडास शोधतात. डॉक्टरांनी मेंदूचं चित्र दाखवलं होतं. त्यातल्या आक्रसलेल्या जागेवर पेनाचं टोक ठेवून ते म्हणाले, नवीन आठवणी इथे तयार होतात, त्या आता टिकणार नाहीत; पण हातांनी वर्षानुवर्षं केलेली कामं मेंदूच्या दुसऱ्या भागांत असतात, ती बरीच उशिरा जातात. आपल्या वडिलांचं मन असं राखाडी-पांढऱ्या चित्रात बघताना मला भीती वाटली आणि थोडा धीरही आला. माझं नाव ज्या पेशींत होतं त्या गेल्या, आणि ज्यांत साचा, म्हणजे गिरणीतला माग, होता त्या आहेत. यात अण्णांच्या मायेचा काही संबंध नाही, असं मी स्वतःला समजावलं. अजूनही समजावते.

सुई आडवी धरून घेतलेला तो श्वास साच्यावरचा होता. अण्णा कापड गिरणीच्या विणाई खात्यात होते. ज्यांनी धोटा हातात घेतलेला नाही त्यांना सांगायचं तर, धोटा म्हणजे दोन्ही टोकांना टोकदार अशी लाकडी होडी. पोटात सुताची कांडी, कुशीला एक बारीक भोक. कांडी संपली की साचा थांबवायचा, धोट्यात नवी कांडी बसवायची, आणि तिचं सूत त्या भोकातून बाहेर काढायचं. बोटं आत जात नाहीत, मग भोकाला ओठ लावून श्वास ओढायचा. सूत सुस्सकन जिभेवर येतं. दर काही मिनिटांनी हेच, पाळीभर, बावीस वर्षं. लहानपणी मी विचारलं होतं, दोऱ्याची चव कशी असते? "तेलकट," ते म्हणाले होते, आणि थोडं थांबून, "आणि आदल्या पाळीवाल्याच्या तंबाखूची." तेव्हा मी खूप हसले होते.

18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला आणि अण्णांचा साचा थांबला तो कायमचाच. त्याबद्दल इतकं लिहून, बोलून झालंय की मी इथे थांबते. मला आज त्याच्याही मागे जायचंय.

कॉलेजात असताना परळच्या एका युनियनच्या ऑफिसात दर शनिवारी अभ्यासवर्ग असायचा. लाकडी बाकं, भिंतीवर पोपडे, आणि खालच्या खानावळीतून जिन्यावर चढणारा सुक्या बोंबलांचा वास. वर्ग घेणाऱ्या गृहस्थांनी पहिल्याच दिवशी मार्क्सचं 1859चं वाक्य फळ्यावर लिहिलं: माणसांची जाणीव त्यांचं अस्तित्व ठरवत नाही, त्यांचं सामाजिक अस्तित्व त्यांची जाणीव ठरवतं. मग खडूने खाली पाया काढला, वर इमला. पायात उत्पादन, मालकी, श्रम. इमल्यात कायदा, धर्म, कला, विचार. मला ते वाक्य डोक्याला कळायच्या आधी अंगाला कळलं, कारण आमची दहा बाय बाराची खोली मला पाठ होती. त्या खोलीत आम्ही सातजण. घरात रागावायचं ते दबक्या आवाजात, कारण भिंत म्हणजे फळ्यांचं पार्टिशन. प्रेमाचं बोलणं तर मी आईवडिलांकडून कधी ऐकलंच नाही, ते होतं की नव्हतं हेही सांगता येणार नाही. रडायचं असेल तर मोरीत जाऊन, नळ सोडून रडायचं. पाणी सकाळी दोन तास यायचं, म्हणून आमच्या घरातल्या बायका सकाळी रडायच्या. दुःखाची वेळ नळाने ठरवली होती. हे ज्याने पाहिलंय त्याला 'मन स्वतंत्र असतं' हे कोणी कितीही गोड आवाजात सांगितलं तरी पटत नाही. त्या फळ्यासमोर मला पहिल्यांदा वाटलं, आमची खोलीसुद्धा विचार करण्याच्या लायकीची आहे.

ती ओढ अजून गेलेली नाही. मी आजही स्वतःला भौतिकवादी म्हणवते.

आमच्या घराचा अभिमान म्हणजे आजोबा आणि 1928चा संप. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद होत्या, लाल बावट्याखाली गिरणी कामगार युनियन उभी राहत होती, आणि साताऱ्याहून आलेले माझे आजोबा तेव्हा विणाई खात्यात ऐन पंचविशीचे होते. आजीची पितळी भांडी गहाण पडली, भाजके चणे खाऊन दिवस काढले, पण आजोबा कामावर गेले नाहीत. ही कहाणी मी गणपतीत, लग्नात, बारशात इतक्यांदा ऐकली आहे की ती मला माझीच आठवण वाटते. त्याच संपाची दुसरी बाजू मला कळली ती पंचविशी उलटल्यावर, बाबासाहेबांबद्दल वाचताना. गिरण्यांमधल्या विणाई खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. त्यांना कमी मजुरीच्या रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईला, ठेवलं जाई. विणकराची कमाई त्याहून कितीतरी जास्त. आणि कारण काय? तो श्वास. धोट्याचं सूत तोंडाने ओढावं लागतं, एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागतो. सवर्ण विणकर म्हणत, त्यांच्या उष्ट्या दोऱ्याला आम्ही तोंड लावणार नाही. बाबासाहेबांनी 28च्या संपाच्या वेळी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला. ते तेव्हा राहत होते परळच्या बी.आय.टी. चाळीत, गिरण्यांच्या भोंग्याच्या पल्ल्यात. त्यांना हे कोणी पुस्तकातून सांगायची गरज नव्हती.

ते वाचलं त्या रात्री मी बराच वेळ जेवले नाही. आजोबांच्या चण्यांची चव बदलली. ते संपात भुकेले राहिले हे खरं आहे. ज्या साच्यासाठी राहिले तो साचा त्यांच्या हाती लागला त्यात दुसऱ्या कोणाला तरी खात्याच्या दारातून परत पाठवलेलं होतं, हेही खरं आहे. त्यातलं एक धरून दुसरं सोडून द्यावं असं मला कधीच जमलं नाही. अण्णांना एकदा विचारलं होतं, तेव्हा ते शुद्धीवर होते. म्हणाले, "आमच्या वेळी तसलं काही नव्हतं." मग गप्प झाले, आणि थोड्या वेळाने, "फार नव्हतं."

आता गंमत नव्हे, पण मला फार दिवस छळणारी गोष्ट सांगते. आपल्याकडचे कितीतरी साचे लँकेशायरहून बोटीने आले. तिथल्या गिरण्यांतही सूत असंच तोंडाने ओढत. त्याला ते शटलचं चुंबन म्हणत. तिथेही एकाची लाळ दुसऱ्याला लागे. तिथे प्रश्न उठला तो रोगाचा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने 1911 साली ही पद्धत कायद्याने बंद केली. तेच लाकूड, तेच भोक, तसंच सूत, तोच श्वास. तिकडे त्यातून क्षयाची भीती निघाली, इकडे विटाळाची. फळ्यावरचा पाया दोन्हीकडे सारखाच काढता आला असता, आणि इमले मात्र एकमेकांना ओळखणार नाहीत इतके वेगळे. मग माझं लाडकं वाक्य खोटं ठरतं का? बरीच वर्षं मी या प्रश्नाला बगल दिली. अभ्यासवर्गात कोणी जातीबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं असे: ती इमल्यातली गोष्ट, पाया बदलला की गळून पडेल. मीसुद्धा हे उत्तर दिलंय, दोनदा तरी. त्यातल्या एका वेळी विचारणारा मुलगा नायगावच्या चाळीतला होता आणि त्याने पुढे काही विचारलं नाही. पुढच्या शनिवारी तो आला नाही.

बाबासाहेबांनी 1936 साली लिहिलं की जात ही विटांच्या भिंतीसारखी किंवा काटेरी तारेसारखी भौतिक वस्तू नाही. ती एक कल्पना आहे, मनाची अवस्था आहे. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते मार्क्सच्या विरुद्ध वाटलं होतं. आता वाटतं, ज्या माणसाला विणाई खात्याचं दार बंद असल्याचं माहीत होतं, त्याने ही अवस्था किती टणक असते हे आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त ओळखलं होतं. भिंत असती तर संपात पाडली असती. ही अवस्था मजुरीच्या दरात उतरली होती, खात्यांच्या वाटणीत उतरली होती, रिंग खात्यातल्या माणसाच्या घरी आठवड्याला किती धान्य येईल यात उतरली होती. पोटात गेल्यावर किंवा न गेल्यावर तिला इमल्यातली गोष्ट कसं म्हणायचं? आणि खुद्द एंगेल्सने, मार्क्सच्या सहकाऱ्याने, 1890 साली एका पत्रात कबूल केलंय की तरुण मंडळी आर्थिक बाजूवर नको इतका जोर देतात, आणि त्याचा थोडा दोष मार्क्सकडे नि त्याच्या स्वतःकडेही जातो. आमच्या फळ्यावर ते पत्र कधी आलं नाही. फळ्यावर आला नाही तो धोटासुद्धा. सूत जिभेवर येतं तो क्षण कोणी नीट पाहिला असता, तर पाया कुठे संपतो आणि इमला कुठे सुरू होतो ही रेघ खडूला मारता आली नसती. आम्ही भौतिकवादी म्हणवून घेत होतो आणि वस्तूकडेच पाहत नव्हतो.

लाळ म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. शंभरातले नव्व्याण्णव भाग. मग उष्टं कुठे असतं?

लहानपणी शाळेत पेरू वाटून खायचा असला की आम्ही फ्रॉकचा घोळ त्यावर घालायचो आणि कापडावरून चावायचो. चिमणीच्या दातांनी तोडलं की उष्टं होत नाही. दात तोच, रसही कापडातून झिरपायचा, पण मध्ये सुताचा एक पदर असला की सगळं चालायचं. त्याच शाळेत शबरीच्या उष्ट्या बोरांची गोष्ट सांगताना बाईंचे डोळे भरून यायचे. आई जेवताना अण्णांच्या ताटातलं उरलेलं घ्यायची, तेही उष्टंच, आणि त्याला आजी प्रेम म्हणायची. म्हणजे कोणाचं उष्टं गोड, कोणाचं चालणारं आणि कोणाचं बाटवणारं, हे आम्हाला सहाव्या वर्षी बिनचूक येत होतं. कोणी शिकवल्याचं मात्र आठवत नाही.

लोकायतवाल्यांचं, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या भौतिकवाद्यांचं, एक उदाहरण मला फार आवडतं. पृथ्वी, पाणी, तेज, वायू या जड भूतांत चैतन्य कुठेच नाही, मग ते देहात कुठून येतं? ते म्हणतात, विड्यात लाल रंग येतो तसं. पान हिरवं, सुपारी तपकिरी, चुना पांढरा. एकत्र आले की लाली उठते. अण्णांना दुपारी विडा लागतो. आई अडकित्त्याने सुपारी कातरते, चुन्याचं बोट पानाला पुसते, आणि मी दर वेळी तो विडा बघत त्या श्लोकाचा विचार करते. आत्म्याची गरज न ठेवता मनाचं इतकं सुंदर वर्णन केलेलं मला दुसरं माहीत नाही. पण त्यात पान आहे, सुपारी आहे, चुना आहे, तोंड नाही. ताटलीत ठेवलेला विडा हिरवाच राहतो. तो कोणीतरी चावावा लागतो, आणि चावणाऱ्याला कोणीतरी तो करून द्यावा लागतो, आणि कोणाच्या हातचा विडा घ्यायचा हे आधी ठरलेलं असतं. लाली उठते ती एवढ्या सगळ्यातून. मला वाटतं मनाचंही तसंच असावं, एकट्या कवटीत ते रंगत नसावं.

आता त्या कपाकडे येते. त्याच्याकडे यायचं म्हणूनच हे सगळं लिहायला घेतलं आणि इतका वेळ टाळलं.

चाळीत संडास धुवायला एक मावशी यायच्या. आम्ही मुलं त्यांना मावशीच म्हणायचो, आई त्यांना सणाला साडी द्यायची, त्यांच्या मुलीच्या लग्नाला आहेर पाठवला होता. आणि त्यांना चहा द्यायची तो कान तुटलेल्या एका कपात, निळ्या फुलांच्या. तो कप खिडकीत उपडा असायचा, त्या स्वतः धुवून ठेवायच्या. मावशी वारल्या, त्यांच्या जागी दुसरे कोणी आले, कप तोच राहिला. चाळ रिकामी करताना आईने कितीतरी गोष्टी सोडून दिल्या: पाटा-वरवंटा, आजीचा पितळी बंब, अण्णांची लोखंडी कॉट. नव्या घरात खोकी उघडायला मी होते. एका खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो कप निघाला. मी तो काढला, कागद चुरगाळून टाकला, आणि कप नव्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, सिंकच्या पलीकडे उपडा ठेवला. आईने सांगितलं नव्हतं. मी विचार केला नव्हता. मागे भरपूर फळ्या रिकाम्या होत्या. आता सोसायटीचा कचरा न्यायला जो मुलगा येतो, त्याला रविवारी आई त्यात चहा देते, आणि माझी लेक ते बघते.

मार्सेल मॉस नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने 1934 साली शरीराच्या रीतींवर एक व्याख्यान दिलं होतं. पहिल्या महायुद्धात तो होता. त्यात तो सांगतो की फ्रेंच तुकडीची जागा घ्यायला इंग्रज तुकडी आली की एका डिव्हिजनमागे आठ हजार फावडी बदलावी लागायची, कारण इंग्रज शिपायांना फ्रेंच फावडं चालवताच यायचं नाही. खणणं कुणालाही येतं असं वाटतं, पण समाज मनगटात जाऊन बसलेला असतो. हे मी आमच्या कॉलेजात शिकवलंय. फावड्यांचा भाग आला की मुलं हसतात, मग विचारात पडतात. ते शिकवणारा माझा हात आणि कप ठेवणारा माझा हात एकच.

आईशी बोलले. ती दुखावली. "अगं, मी चहा तरी देते. या मजल्यावर दुसरं कोण देतं?" हे खरं आहे. कोणीच देत नाही. बाकीच्या दारांबाहेर फक्त कचऱ्याच्या पिशव्या असतात. "आणि आम्ही कोणाला कधी टाकून बोललो का?" हेही खरं. त्या माउलीने सात माणसांच्या खोलीत कोणाला उपाशी झोपू दिलं नाही, तिला मी विणाई खात्याचा इतिहास कोणत्या तोंडाने सांगायचा? मी गप्प बसले. मग चहा केला, अण्णांना दिला, आईला दिला, आणि माझा त्या निळ्या फुलांच्या कपात ओतला. कानच नाही, त्यामुळे कप दोन्ही हातांनी धरावा लागतो, चटका बसतो. ओठांपर्यंत आणला आणि हात थांबला. किती वेळ ते सांगता येणार नाही, अर्धा श्वास असेल. पण थांबला. माझी मतं काय आहेत हे त्याने मला विचारलं नाही. आई बघत होती. म्हणाली, "तो नको ना, दुसरा घे." मी प्यायले. चहा चहासारखाच होता.

नंतर कप घासला आणि फळीवर बाकीच्या सहा कपांच्या रांगेत उपडा ठेवला. जागा होतीच.

परवाच्या रविवारी गेले तर कप पुन्हा खिडकीत होता. मी आईकडे पाहिलं. ती पोळी लाटताना थांबली. "मी नाही ठेवला. तुझी शपथ. यांनीच ठेवला असेल, सकाळी ओट्याशी उभे होते बराच वेळ." अण्णा बाहेर त्यांच्या खुर्चीत बसले होते. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहून हसून विचारलं, "कुठल्या खात्यातल्या तुम्ही?" आणि शर्टाच्या त्या नव्या बटणाचा दोरा बोटांनी चाचपत राहिले.